भ नसलेली भुतं

त्या पुस्तिका दुकानात मिळत नसत. नवी पेठेत कापडाच्या दुकानांमागे एक बोळ होता. बोळात एका खोलीचा छापखाना होता आणि त्याचा मालक, अक्षरांचे खिळे जुळवणारा, यंत्र चालवणारा, सगळं एकच म्हातारा होता. त्याला आम्ही मामा म्हणत असू. पोटासाठी तो लग्नपत्रिका, जाहिराती आणि गिरणीच्या गाठींवर डकवायच्या चिठ्ठ्या छापी. त्यातून कागद उरला की भुताची गोष्ट छापी. कागद पिवळा उरला तर गोष्ट पिवळी, गुलाबी उरला तर गुलाबी. शिवायला दोरा विणकरांच्या घरचा, साडीच्या काठातून उरलेला, बहुतेक तांबडा. तुम्ही ओळखीचे असाल तर मामा खिळ्यांच्या खणांखालच्या फळीवरून एक प्रत काढून देई. नसाल तर "हितं पत्रिका छापत्यात, भुतं न्हाय" म्हणून वाटेला लावी.

प्रती थोड्याच निघत, आणि संपल्या की संपल्या. मामाजवळ खिळे इतके कमी की आठ पानं जुळवली की खण रिकामे. मग तो आठ पानांचा फर्मा छापायचा, खिळे सोडवून परत खणांत टाकायचे, आणि पुढची आठ पानं जुळवायला घ्यायची. सोडवलेली गोष्ट पुन्हा जुळत नसे, कारण मामा ती कागदावर लिहीतच नसे. लहानपणी एका छापखान्यात झाडलोट करता करता तो खिळ्यांवरूनच वाचायला शिकला होता. लेखणी हातात धरली की त्याचा हात अडे. गोष्ट बोटांतून सरळ शिशात उतरायची. पुढं काय होणार, असं विचारलं तर म्हणे, "खणात हात गेल्यावर कळतंय मास्तर. आधी कुटनं कळणार?"

आणखी एक अडचण होती. त्याच्याजवळ भ नव्हता. म्हणजे होते थोडे, पण झिजलेले, डोकं उडालेले. भुताच्या गोष्टी छापणाऱ्याजवळ भ नसावा याला काय म्हणावं? मामानं त्यावर आपला रस्ता काढला होता. त्याच्या गोष्टीत भिंत नसे, कूड असे. भाकरी नसे, दशमी असे. कुणाला भीती वाटत नसे, धास्ती वाटे. भाऊ नसत, थोरला आणि धाकटा असत. आणि भूत तर नसेच. 'तो' असे, 'ती' असे, नाहीतर नुसतं 'काहीतरी' असे. वाचणाऱ्याला हे कळत नसे. फक्त गोष्टीतलं काहीतरी अंगाला लागे. मलाही कळायला तीन-चार पुस्तिका जाव्या लागल्या.

मामाची भुतं दुपारी यायची. रात्रीची भुतं सगळेच लिहितात. सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं, पत्रे तडतडतात, आणि दाराची कडी वाजते. बाहेर कुणी नसतं. मामाची गोष्ट तिथं सुरू व्हायची. मी त्या पुस्तिका तळ्याकाठी, लिंबाखाली, भर उन्हात वाचायचो आणि पाठ झाडाला टेकवून बसायचो. पाठ उघडी ठेवायचा धीर व्हायचा नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी सांगतो ते मिरवायला सांगतो, उगीच नम्रता कशाला? बाप गिरणीत साच्यावर उभा राहिला, आई कांड्या भरायची, आणि मी पुण्याला जाऊन पदवी घेऊन आलो. तिथं खाणावळीतली मंडळी जेवताना वाङ्मयावर बोलत. भुताच्या गोष्टींचं नाव काढलं की हसत. म्हणत, "हे तुमचं गिरणगावातलं वाङ्मय!" मी म्हणायचो, हो, आमचंच आहे, आणि तुमच्यापैकी एकाला तरी असं एक पान लिहून दाखवता येईल का? कुणी दाखवलं नाही. परत येऊन एका शाळेत मास्तर झालो, आणि पहिल्या आठवड्यात मामाच्या बोळात हजर.

तीस सालच्या उन्हाळ्यात शहरात लष्करी अंमल आला. पांढरी टोपी घालून बाहेर पडायची सोय राहिली नाही. नाक्यानाक्यावर शिपाई, खिसे तपासणं, आणि छापलेला कागद म्हणजे तर विस्तवच. छापखानेवाले जाहिरात छापायलाही कचरू लागले. मामानं मात्र त्याच आठवड्यात नवी गोष्ट घेतली. मी गेलो तेव्हा पहिला फर्मा छापून दोरीवर वाळत होता. मला वाट बघायचा धीर नव्हता हे त्याला ठाऊक. न शिवलेली आठ पानं घडी करून त्यानं माझ्या हातात दिली.

"शेवट?" मी विचारलं.

"आता तर खिळे सोडिवले. बसतो जेवून."

ती पानं कोटाच्या आतल्या खिशात घालून मी निघालो आणि नाक्यावर सापडलो.

चौकीत फौजदार नवा होता. अंगानं दणकट, वाचताना ओठ हलवणारा. त्यानं पानं टेबलावर सरळ केली आणि एक एक ओळ बोट ठेवून मोठ्यानं वाचायला घेतली.

"'बाहेरचा घरात शिरला आणि बघता बघता मालक होऊन बसला. आमचंच खातो, आणि आम्हालाच धाकात ठेवतो. आधी पाहुणा वाटला. आता त्याच्या मर्जीशिवाय चूल पेटत नाही. याला घालवल्याशिवाय या घराला सुख नाही.'" त्यानं बोट तिथंच ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "कोण हा बाहेरचा?"

मी या ओळी चालता चालता वाचल्या होत्या आणि मला त्यात गोष्टीतल्या सुनेच्या अंगात आलेली बाधा दिसली होती. दुसरं काही मनातही आलं नव्हतं. त्याच ओळी फौजदाराच्या तोंडून ऐकल्या आणि सरळ सरकारविरुद्धचं पत्रक वाटल्या.

"भूत आहे साहेब," मी म्हणालो. "ही भुताची गोष्ट आहे."

"भूत असं कुठं लिहिलंय? दाखवा."

मी पानं उलटली. मला ठाऊक होतं तरी उलटली. आठ पानांत एक भ नव्हता.

"शिक्षण काय तुमचं?"

"बी.ए."

"बी.ए. होऊन भुताच्या गोष्टी वाचता?"

"बी.ए. आहे म्हणून चोरून वाचत नाही."

त्याला ते आवडलं नाही. "बरं. छापलं कुणी?"

मी नाव सांगितलं नाही. पानांवर छापखान्याचं नाव नव्हतं. ते मुखपृष्ठावर यायचं, आणि मुखपृष्ठ शेवटी छापतात. तेवढ्यावर कदाचित निभावलंही असतं. पण दारातला शिपाई पुढं वाकून म्हणाला, "साहेब, ह्यो पिवळा कागद म्या वळखला. माज्या भनीच्या पत्रिका ह्याच कागदावर हुत्या की."

भर दुपारी आम्ही तिघं नवी पेठेतून चाललो. दुकानं अर्धी बंद. शिपायाच्या एका हातात कुलूप होतं, दुसऱ्या हातात लाखेची कांडी. ते पाहून फळ्यांआडून लोक बघत होते आणि आम्ही जवळ आलो की आत होत होते. मला माझी काळजी होती, नाही असं नाही, पण त्याहून त्या कुलपाची जास्त होती. छापखान्याला टाळं लागलं की खिळे भंगारात जाणार हे मला कळत होतं. मामा या वयात दुसऱ्याच्या छापखान्यात रोजावर पत्रिका जुळवणार. आणि गोष्टी तर कुठं लिहिलेल्याच नव्हत्या. त्या बोटांबरोबर संपणार.

मामा कांदा फोडून जेवत होता. आम्हाला पाहून त्यानं ताटात हात धुतला.

"हे तुझं काम?" फौजदारानं पानं पुढं केली.

"व्हय साहेब."

"ह्याचं हस्तलिखित काढ."

"न्हाय की."

"जाळलंस?"

"लिवलंच न्हाय, तर जाळू काय?"

फौजदारानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, पण माझ्या मानेवर त्याचा विश्वास कशाला बसेल?

"शेवट काय आहे ह्याचा? हा बाहेरचा कोण निघतो?"

"अजून जुळवायचा हाय."

"तोंडानं सांग."

"तोंडानं येत न्हाय साहेब मला. बोटानं येतंय."

"चेष्टा करतोस?" फौजदारानं कुलूप शिपायाच्या हातातून घेतलं आणि ज्या दगडावर फर्मा बांधतात त्या दगडावर आपटलं. "भूत असेल तर भूत म्हणायला काय धाड भरली होती? बाहेरचा, बाहेरचा कशाला?"

मामानं भ-चा खण ओढून बाहेर काढला आणि त्याच्यापुढं धरला. फौजदारानं आत हात घातला. तळहातावर चार-सहा खिळे आले, त्यांतल्या एकाचं डोकंच नव्हतं.

"एवढ्यात भूत कसं बसवू साहेब?"

"एकदा तरी बसलं असतं."

"एकदा नाव घेतलं की मग भ्या वाटत न्हाय." मामा पहिल्यांदाच जरा चिडला. छापखान्याला टाळं लागायची वेळ, आणि हा माणूस गोष्टीवरून चिडला होता. "अन् गावात बाया काय म्हन्त्यात? सुनेला भूत लागलं म्हन्त्यात का?"

"बाहेरचं लागलं म्हन्त्यात," शिपाई पटकन बोलून गेला. फौजदारानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला.

पत्रा तडतडत होता. मग फौजदारानं स्टूल ओढलं आणि बसला.

"जुळव," तो म्हणाला. "आत्ता, माझ्यासमोर. हा बाहेरचा कोण, ते ह्या शेवटात आलं पाहिजे. आलं तर बघू. नाही आलं, तर हे कुलूप."

मामानं चष्मा पुसला आणि खणांपुढं उभा राहिला. एरवी तो जुळवताना गुणगुणायचा. त्या दिवशी नुसता खिळ्यांचा आवाज. टक, टक, टक. खणात हात जाई, खिळा येई, हातातल्या पट्टीत बसे. कधी हात खणावर थांबे, तसाच हवेत राही, आणि मला वाटे, अडला. आता अडला. मग पुन्हा टक. घाम त्याच्या नाकावरून खिळ्यांवर पडत होता.

फौजदार उठला आणि त्याच्या खांद्यावरून वाकला. "हे काय लिहिलंस?"

"उलटं हाय साहेब. छापल्याबिगर सुलटं हुत न्हाय."

फौजदार मान वाकडी करून अक्षर लावायचा प्रयत्न करू लागला, जमेना, पुन्हा जाऊन बसला. मलाही लांबून वाचता येत नव्हतं. मी त्याच्या बोटांकडं बघत होतो. कुठल्या खणात हात जातो यावरून शब्द ओळखता येतो का ते बघत होतो. 'ब'च्या खणात हात गेला की 'बाहेरचा' आला असं वाटून माझं काळीज हले. तो खण त्या दुपारी फार वेळा उघडला.

मी मामाची जवळजवळ प्रत्येक गोष्ट वाचली होती. त्याचं भूत कधी लिंबू-नारळावर जात नसे. देवऋषी हरे, घरचे हरे, आणि शेवटच्या दोन ओळींत असं काही कळे की आधीची सगळी गोष्ट उलटी होई. त्याचं मला फार कौतुक होतं. आज मी मनात म्हणत होतो, मामा, आज उलटी करू नका. आज साधा नारळ फोडा आणि भूत घालवा.

शेवटी त्यानं खिळे दोऱ्यानं बांधले, शाईचा रूळ फिरवला, ओला कागद ठेवला आणि लाकडी ठोकळ्यानं वरून ठोकलं. कागद सोलून काढला, तोच फौजदारानं घेतला. एक नजर टाकली आणि माझ्या हातात दिला.

"वाचा मास्तर. मोठ्यानं. आणि लिहिलंय तेच वाचा, मी मागं उभा आहे."

मी वाचू लागलो. देवऋषी येतो. टळटळीत दुपार. सुनेला माजघरात बसवतात. ऊद घालतात. देवऋषी विचारतो, कोण तू? नाव सांग. गाव सांग. माझ्या मागं फौजदाराचा श्वास ऐकू येत होता, आणि मला वाटलं, चौकीत ह्यानं मला हेच विचारलं होतं. शिपाई उंबऱ्यावर आला होता. सून बोलत नाही. देवऋषी छडी उगारतो. पुन्हा विचारतो, कोण तू बाहेरचा? का शिरलास या घरात? तेव्हा सून हसते. हसणं बाईचं नाही.

मग मी पुढची ओळ डोळ्यांनी आधी वाचली आणि तोंड थांबलं.

"काय झालं?"

"शाई पुसट आहे."

"मला तर इथून काळीभोर दिसते. वाचा."

मी मामाकडं पाहिलं. तो रूळ पुशीत होता. मला शब्द बदलता आला असता, कदाचित. फौजदार हळू वाचणारा होता. पण मामानं मान वर केली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू माझ्या हातात त्याचं मूल दिलंय आणि मी ते पाडतो की काय. मी वाचलं.

"'मी कुठला बाहेरचा? हे जोतं मी घातलं. हा आड मी खणला. तुमच्या चुलीखाली माझी नाळ पुरली आहे. तुम्ही आलात तेव्हा मी माजघरात निजलो होतो, आणि तुम्ही मला न विचारता दिवा लावलात. मी घरचा. बाहेरचे तुम्ही.'"

एवढंच होतं. कागद संपला होता.

पहिल्या आठ पानांत जे फौजदाराला संशयानं दिसलं होतं, ते आता उघड, सुलटं, काळ्या शाईत छापलं गेलं होतं. घर कुणाचं, आणि त्यात शिरून मालक कोण झालं? त्याला आता नुसतं दोन आणि दोन एकत्र करायचे होते. मी मागं वळून पाहिलं नाही. दगडावरच्या कुलपाकडं बघत उभा राहिलो.

मग फौजदार बोलला, आणि त्याचा चौकीतला आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"म्हंजी... घर त्याचंच हुतं?"

"व्हय साहेब," मामा म्हणाला.

"अन् हे येडे त्यालाच बाहेरचा म्हनत हुते?"

"व्हय की."

"अगागा." फौजदारानं एका हातावरून कोपरापर्यंत दुसरा हात फिरवला. काटा आला होता, मला दिसला. उंबऱ्यावरचा शिपाई पुटपुटला, "चुलीखाली नाळ म्हंजी... आई गं."

"मंग?" फौजदार म्हणाला. "ते गेले का घर सोडून?"

"खिळे संपले साहेब."

फौजदार हसला नाही. कागदाकडं बघत राहिला. मग एकदम सावध झाल्यासारखा ताठ झाला आणि पुन्हा साहेबाच्या भाषेत आला. "ठीक आहे. भूत आहे, मालकाचं भूत आहे. सरकारशी संबंध नाही. पण वर मोठ्या अक्षरात 'भुताची गोष्ट' असं छापायचं. छापखान्याच्या नावासकट. समजलं?"

"मोठा भ लाकडाचा हाय साहेब. तो चांगला हाय."

फौजदारानं तो ओला कागद घडी करून खिशात घातला. पुरावा म्हणून, असं म्हणाला. माझी पहिली आठ पानं मात्र मला परत दिली. आणि दोघं गेले. थोड्या वेळानं शिपाई धावत आला, दगडावर विसरलेलं कुलूप उचललं, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "शिवली की एक प्रत ठेवा मास्तर. भनीला."

मी स्टुलावर बसलो.

"मामा," मी म्हणालो, "हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं? बाहेरचा कोण ते?"

"म्या सांगितलं न्हवं तुमाला? खणात हात गेल्यावर कळतंय."

"आणि जे कळलं, ते त्याच्यापुढं जुळवलंत?"

मामानं राहिलेला अर्धा कांदा तोंडात टाकला. "मग काय, त्याच्यासाठनं गोष्ट नासवू?"

पुस्तिका आठवड्यात निघाली. पिवळी, तांबड्या दोऱ्याची, वर लाकडी अक्षरात 'भुताची गोष्ट'. मामाची ती एकच पुस्तिका जिच्यावर भ आहे. मामा कुणाला काही बोलला नाही, मीही नाही, पण त्या वेळी इतक्या लवकर संपलेली त्याची दुसरी गोष्ट मला आठवत नाही. जे विकत घ्यायला येत ते भुताचं नाव काढत नसत. बोळात शिरून हळूच म्हणत, "मामा, ती बाहेरच्याची आहे का?" आणि मामा अनोळखी माणसालाही फळीवरून काढून देई.

पावसाळा सरता सरता फौजदाराची बदली झाली. मी एका पाहुण्याला पोचवायला स्टेशनावर गेलो होतो, तर हा बिस्तरा आणि ट्रंक घेऊन टांग्यातून उतरताना दिसला. मी नजर चुकवून निघणार, तर त्यानंच हाक मारली.

"मास्तर!"

मी जवळ गेलो. बायको-मुलं पुढं गेली होती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला, आणि घडीचा पिवळा कोपरा मला दिसेल एवढाच वर आला.

"आमच्या घरात ही सगळ्यांची पाठ झालीय," तो म्हणाला. "पोरं रोज विचारतात. मलाही झोपताना तेच येतं डोक्यात. ते लोक गेले का हो मग, घर सोडून?"

"अजून नाही, साहेब," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. हमाल ट्रंक डोक्यावर घेऊन खोळंबला होता.

"जातील," फौजदार म्हणाला, आणि फलाटाकडं चालू लागला.